साडेतीनशे खुर्च्या

गाणे ऐकायला कान लागतात, जागा लागत नाही, असे मी जवळजवळ चाळीस वर्षे मोठ्या आवाजात सांगत आलो. हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला मोठ्या आवाजाची सवय असतेच, आणि मिरजेत असल्या वाक्यावर मान डोलावणारी चार माणसे केव्हाही मिळतात. माझे मत इतके पक्के असण्याचे कारण मात्र फारसे उदात्त नव्हते. ब्राह्मणपुरीतल्या आमच्या वाड्याला एक माडी होती, आणि आमच्या छोट्या संगीत मंडळाची बैठक व्हायची ती त्या माडीवर. गावात दुसरी सोयीची जागा झाली असती, तर माझ्या माडीकडे कोण फिरकले असते?

माडी तीस फूट लांब आणि चौदा फूट रुंद. सागवानी तुळया, रस्त्याच्या बाजूला तीन खिडक्या, आणि वर येणारा एक अरुंद लाकडी जिना. त्या जिन्यावर डोके न आपटता वर आलेला नवखा पाहुणा मी अजून पाहिलेला नाही. जाजम अंथरले, भिंतीकडेने लोड लावले, की साठ माणसे मांडीला मांडी लावून बसत. गवई तीन हातांवर. त्याने मनात हरकत घेतली की ती आधी भुवईवर दिसे आणि मग गळ्यातून निघे. तंबोऱ्याचा झंकार तर कानांना न विचारता जाजमातूनच वर येई. मध्यंतरात खालून कॉफीचे पेले येत, आणि मी यजमानाच्या नम्रतेने सगळ्यांकडे पाहत असे. ती नम्रता करायला फार सुख वाटते, हे ज्याच्या घरी बैठक झाली आहे त्यालाच कळेल.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला मिरज म्हणजे गाडी बराच वेळ थांबते ते जंक्शन, नाहीतर कुणा नातेवाइकाचे ऑपरेशन जिथे झाले ते गाव. आम्हां मिरजकरांना मात्र दुसरीच यादी पाठ असते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे विद्या देत होते. कुरुंदवाडचा एक मुलगा फटाक्याने दृष्टी दुखावली म्हणून उपचारांसाठी इथे आला आणि बुवांचा शिष्य झाला. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे विष्णु दिगंबर पलुस्कर ते हेच. हीराबाई बडोदेकरांचा जन्म १९०५ सालचा, मिरजेतला. आणि अब्दुल करीम खाँसाहेब तर इथलेच झाले. १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात त्यांना मरण आले, पण विसावले ते मिरजेच्या दर्ग्यात. उरुसाच्या दिवसांत तिथे त्यांच्या नावाने गाणे होते आणि मोठमोठे कलावंत हजेरी लावून जातात.

त्यात आमची सतारमेकरांची गल्ली. शिकलगारी करणाऱ्या, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात वाद्यांचे काम हाती घेतले, आणि तलवारी लखलखवणारे हात तारा जुळवू लागले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे इथे येतात, वाळतात, कोरले जातात, आणि तंबोरे होऊन जगभर जातात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. भूगोलाचा मास्तर म्हणून मला त्याचा जरा जास्तच आनंद झाला.

इतके सारे असताना आणखी जागा कशाला हवी? नाटकाला मिरजेत बालगंधर्वांच्या नावाचे नाट्यगृह आहे, सांगलीला विष्णुदास भाव्यांच्या नावाचे आहे, थोरामोठ्यांच्या गाण्याला दर्ग्याचे आवार आहे, नवरात्रात अंबाबाईच्या देवळात गाणे आहे, आणि जाणकारांसाठी, म्हणजे आम्ही ठरवू त्या साठ जणांसाठी, माझी माडी आहे. असा माझा हिशेब होता. तो एका मुलीने चुकवला.

ही मुलगी माझी विद्यार्थिनी. दिवसा बँकेत नोकरी, आणि पहाटे व रात्री गाणे. चौदा वर्षे तिने एका जागी बसून विद्या घेतली. आता वय चौतिसाच्या घरात. म्हणजे ‘होतकरू’ म्हणून कौतुक करण्याचे वय सरलेले, आणि ‘ज्येष्ठ’ म्हणून शाल मिळण्याचे वय फार दूर. अशा गवयाला मी मधल्या स्थानकावर अडकलेला प्रवासी म्हणतो. आम्ही तिचे जाहीर गाणे ठरवले, आणि चांगले दांडगे ठरवले: जवळच्याच एका मोठ्या नाट्यगृहात, नऊशेच्या आसपास खुर्च्या असलेल्या. तिकीट दीडशे रुपये.

तिकिटे खपली एकशे शहात्तर. आता खरे सांगतो, ही संख्या मुळीच लहान नाही. कामाच्या दिवशी संध्याकाळी, पदरचे पैसे देऊन, अजून नाव न झालेल्या गायिकेचा ख्याल ऐकायला एकशे शहात्तर माणसे घराबाहेर पडतात, याचा गावाला अभिमान वाटायला हवा. पण नऊशे खुर्च्यांत ती माणसे अशी विखुरली, की प्रत्येकाला वाटावे, आपणच चुकून आलो. पहिल्या दोन रांगा निमंत्रितांसाठी राखून ठेवलेल्या होत्या. निमंत्रित अर्थातच आले नाहीत, त्यामुळे रंगमंचासमोरच पन्नास मोकळ्या खुर्च्या पांढरी कव्हरे घालून शांतपणे बसल्या होत्या. मुलगी गायली त्या कव्हरांसमोर.

नाट्यगृहाचा त्यात काही दोष नव्हता. ते नाटकासाठी बांधलेले, आणि भरण्यासाठी बांधलेले. वॉलेस सॅबिन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाची गोष्ट मी एकदा वर्गात सांगितली होती. १८९५ च्या सुमारास हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात बोललेला शब्द इतका घुमे, की पुढचा शब्द त्यात बुडून जाई. सॅबिनसाहेबांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या बैठकीच्या गाद्या रात्री उसन्या आणल्या, एकेक गादी वाढवत घड्याळ लावून नाद किती वेळ रेंगाळतो ते मोजले, आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या परत पोचवल्या. त्यांना आढळले, की एक माणूस सुमारे सहा गाद्यांइतका नाद पिऊन टाकतो. तेव्हा रिकाम्या खुर्चीतून नुसते तिकिटाचे पैसेच बुडत नाहीत, गाण्याचा आवाजही बदलतो. हे सारे मला ठाऊक होते, मी ते मुलांना शिकवले होते. पण ठाऊक असणे आणि पाचव्या रांगेत बसून भोगणे यांत अंतर आहे.

गाणे संपल्यावर मी रंगपटात गेलो. ती तंबोऱ्याला गवसणी घालत होती. म्हणाली, “सर, मला माझाच तंबोरा ऐकू येत नव्हता. पेटीवाल्यांकडं बघून गायले मी.” रडली वगैरे नाही. रडली असती, तर मला समजूत घालता आली असती.

भाडे, ध्वनिक्षेपक, साथीदारांची बिदागी, फुले आणि चहा मिळून खर्च एकेचाळीस हजार झाला, आणि तिकिटांचे आले सव्वीस हजार चारशे. आमचे खजिनदार वहीतल्या त्या पानावरून पुढे आठ दिवस उठले नाहीत.

मग मी थाटात जाहीर केले, की पुढचे गाणे माडीवर. बिनपैशाचे, आणि खरे रसिक तेवढे! झाले असे, की नाट्यगृहात ज्यांनी तिला ऐकले होते, त्यांतले कितीतरी लोक आपणहून आले. साठांची माडी, त्रेसष्ट आत घेतले. उरलेले जिन्यावर, अंगणात, काही रस्त्यावर. खिडकीतून गाणे खाली उतरे ते रिक्षांच्या आवाजात मिसळून. मध्यंतरात मी जिन्याच्या तोंडाशी आलो, तर वरून चौथ्या पायरीवर, कठड्याला डोके टेकून, तंबोरेवाले चाचा बसलेले. त्याच तंबोऱ्याची जवारी त्यांनी संध्याकाळी येऊन लावून दिली होती. घोडीवरून तारेखाली सुताचा धागा सरकवत, कान लाकडाला लावून, तासभर त्यांचे काम चालले होते. लोक यायला लागले, तसे ते उठून बाहेर गेले होते.

“चाचा, तुम्ही इथं? आत या ना,” मी म्हणालो.

“असू द्या सर. इथं बरं हाय. सवय हाय आमाला.”

सवय! मी मनात मागे मोजू लागलो. तीस वर्षांत या माणसाने माझ्या माडीवर किती तंबोरे लावले असतील, आणि त्यांतला एक तरी जाजमावर बसून ऐकला का? आम्ही कधी त्यांना बाहेर घातले नाही. आत बसा असेही कधी म्हटले नाही. निमंत्रणांची यादी मी स्वतः करत असे, सुवाच्य अक्षरात. तीत त्यांचे नाव येण्यासारखे कारण मला कधी सुचलेच नव्हते. घरच्या बैठकीला तिकीट नसते, पण उंबरठा असतो, आणि तो यजमान सोडून सगळ्यांना दिसतो.

त्या रात्री जेवताना मी हे बोलून दाखवले. आमच्या सौभाग्यवतींनी ताटात भात वाढत शांतपणे विचारले, “माडीवर तुम्ही इतकी गाणी केलीत. त्यातलं मी सबंध एक तरी ऐकलं असेल का, सांगा बरं?”

मी म्हणालो, “अगं, तू तर घरातच असायचीस.”

“घरातच. साठ माणसांची कॉफी म्हणजे किती दूध, ठाऊक आहे? विलंबित चालू असताना मी दूध उतू जाऊ नये म्हणून उभी असायची, आणि द्रुत सुरू झाली की पेले विसळायला. भैरवी तेवढी ऐकू यायची, कारण ती होता होता मंडळी खाली उतरायला लागायची.”

भात गरम होता, म्हणून मी बराच वेळ बोललो नाही.

पुढच्या सभेत मी उभा राहून सांगितले, की आपल्याला तीन-साडेतीनशे माणसांची एक जागा हवी. मंडळी माझ्याकडे, देवळाच्या पुजाऱ्याने अचानक घंटा विकायला काढावी तशी पाहू लागली. खजिनदार म्हणाले, “खाँसाहेब शेवटच्या रात्री रेल्वेच्या फलाटावर बसून सुरात अल्लाचं नाव घेत गेले, असं सांगतात. त्यांना कुठं सभागृह लागलं?” हे वाक्य माझेच होते; दहा वर्षांपूर्वी मीच ते एका भाषणात टाळ्या घेऊन म्हटले होते. त्याला माझ्याकडे चांगलेसे उत्तर नव्हते. एवढेच म्हणालो, की खाँसाहेब खाँसाहेब होईपर्यंत कुणाकुणाच्या दरबारात, दिवाणखान्यात आणि जलशात गायले, तेही मोजा की. आता दरबार उरले नाहीत, आणि दिवाणखान्यांच्या जागी सदनिका आल्या.

आमचे डॉक्टर जरा वेगळ्या वळणाचे. त्यांनी खिशातून फोन काढला आणि म्हणाले, “सर, सगळं यात आहे. भीमसेन, किशोरीताई, मल्लिकार्जुन. घरी खुर्चीत बसून ऐका.” ते खरेच आहे. मीही रात्री झोप न लागल्यास तेच करतो. पण त्या फोनमध्ये आमची चौतीस वर्षांची मुलगी कशी जाणार? तिला आधी दोनशे माणसांसमोर चुकावे लागेल, सावरावे लागेल, एखाद्या रात्री रंगवावेही लागेल. ते वर्षातून एकदा नव्हे, महिन्याकाठी. उरुसाला अख्खे गाव जेवते, म्हणून घरातली चूल कुणी मोडत नाही.

एकाने कोल्हापूरची आठवण काढली. शाहू महाराजांनी १९१५ साली उभे केलेले, पुढे केशवराव भोसल्यांचे नाव लाभलेले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रस्त्यावर उभी राहून माणसे रडली. “एवढी मोठी वास्तू, राजाने बांधलेली, तिचं असं झालं. आपण भाड्याच्या जागेत काय उभं करणार?” त्यांचे म्हणणे. मला मात्र त्या रडणाऱ्या माणसांचेच आश्चर्य वाटत राहिले. आपल्या गावातल्या कुठल्या भिंती पडल्या तर आपण असे रडू, याचा मी विचार करत बसलो, आणि सभा तहकूब झाली ते मला कळले नाही.

जागा शोधून काढली ती चाचांनी. स्टेशनच्या अलीकडे एक जुनी वखार आहे, हळदीची. दगडी भिंती, मंगलोरी कौले, चाळीस फूट रुंद, पासष्ट फूट लांब. आत शिरल्यावर अजून नाकाला हळद लागते. मालक भाडेपट्ट्याने द्यायला तयार होते. त्यांना तीन लाख अनामत हवी होती, आणि एका मंगल कार्यालयवाल्याने त्यांच्याकडे शब्द टाकून ठेवलेला होता. चाचांनी मधोमध उभे राहून एक टाळी वाजवली. टाळी गेली, पलीकडच्या भिंतीला लागली आणि परत आली. “भिंत बोलतीया,” ते म्हणाले. “गप करायला पायजे.”

मग मला सॅबिनसाहेब आठवले. ओळखीच्या मांडववाल्याकडून आम्ही ऐंशी गाद्या एका रात्रीपुरत्या मागून आणल्या. सकाळी नऊला त्या एका लग्नात पोचायच्या होत्या. गाद्या भिंतींना उभ्या टेकवल्या, काही दोरीने टांगल्या. चाचा टाळी वाजवत फिरत होते, आणि बँकेतली मुलगी, तिचा तबलजी, खजिनदार आणि मी, चौघे हमालासारखे गाद्या इकडून तिकडे नेत होतो. डॉक्टरांनी रक्तदाबाचे कारण सांगून घड्याळ धरण्याचे काम पत्करले. रात्री साडेदहाला चाचा थांबले. त्यांनी पुन्हा टाळी वाजवली. ती नुसती वाजली, आणि विझली.

मुलीने तंबोरा उभा धरला. ध्वनिक्षेपक नव्हताच. मी अगदी मागे, पन्नास-पंचावन्न फुटांवर, हळदीच्या पोत्यांच्या फळीवर बसलो. ऐकू येणार नाही, अशी माझी, का कोण जाणे, जुन्या सवयीने थोडीशी इच्छाच होती. तार छेडली गेली. झंकार आला. माडीवर यायचा तसा अंगावर नाही. जरा दबकत आला, पण सगळा आला, आतल्या गंधारासकट. तिने यमन लावला.

आमची ही वखारीत प्रथमच आली होती, कुणी नेसू नये त्या चांगल्या साडीत. चाचांना मी हाताला धरून पुढे बसवायला गेलो, तर ते दोन रांगा मागे जाऊन बसले. “इथनं जवारी बराबर कळतीया,” म्हणाले, आणि या खेपेस त्यांचे खरे होते. मी नंतर तिथे बसून पाहिले.

पाऊण तासाने तिने तंबोरा खाली ठेवला. खजिनदार पावलांनी जमीन मोजत होते आणि तोंडाने पुटपुटत होते. साडेतीनशेवर येऊन ते थांबले. बोळ सोडून, असे त्यांनी मला बजावले. त्यांनी वही आणली होती, हे मला तेव्हाच दिसले. एकशे शहात्तर माणसे म्हणजे इथे निम्मी जागा, असे ते स्वतःशीच म्हणाले, आणि लगेच कौले किती फुटकी आहेत ते मोजायला लागले. ती बरीच होती. स्वच्छतागृह मुळीच नाही. पावसाळ्यात कौलांचा आवाज किती होतो, ते जूनशिवाय कळणार नाही.

वाडा आता भावाभावांत वाटून बांधकामाला जायचा आहे. माझ्या वाट्याच्या रकमेतून तीन लाखांचा चेक मी दसऱ्याच्या दिवशी लिहिला आणि कुणाला कळू नये म्हणून भूगोलाच्या जुन्या पुस्तकात ठेवला. मुलाचा पुण्याहून दुसऱ्याच दिवशी फोन आला, “बाबा, आई सांगत होती...” म्हणजे पुस्तक झटकून झाले होते. त्याचे म्हणणे रास्त आहे: या वयात पैसे अडकवू नयेत, आणि मंडळाच्या माणसांचा उत्साह दोन पावसाळे टिकेल का, हे आधी पाहावे. मी त्याला टिकेल असे सांगितलेले नाही. मला ते माहीत नाही.

हे लिहिताना चेक अजून पुस्तकातच आहे. मालक दिवाळीनंतर भेटू म्हणाले आहेत, आणि मंगल कार्यालयवाले दिवाळीआधीच एकदा जाऊन आले आहेत. त्या रात्री गाद्या ट्रकमध्ये भरता भरता बारा वाजले. सगळे दमलेले. डॉक्टर सवयीने हिच्याकडे वळून म्हणाले, “वहिनी, आता तुमच्या हातची कॉफी मिळाली असती तर...”

ही तिथेच, पुढच्या रांगेत, तशीच बसली होती. तिने मान वळवली नाही. “स्टेशनवर मिळते,” ती म्हणाली. “माझ्यासाठीही एक आणा.”